रबरी पिशवी आणि दीड हजार विद्यार्थी

पोलिओवरची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद सप्टेंबर 1951 मध्ये कोपनहेगनला भरली होती. देशोदेशींचे तज्ज्ञ आले, निबंध वाचले गेले, चर्चा झाल्या. त्याला वर्षही झालं नव्हतं, तोच 1952 च्या उन्हाळ्यात त्याच शहरात पोलिओची साथ उसळली. युरोपातल्या सर्वांत भीषण साथींमध्ये तिची गणना होते.

शहर आणि आसपासची वस्ती मिळून सुमारे 12 लाख. साथीच्या रोगांसाठी रुग्णालय एकच, ब्लेगडाम. जुलैच्या अखेरीपासून तिथे रोगी येऊ लागले आणि ऐन भरात दिवसाला 50 पर्यंत नवे रोगी दाखल होत होते. डिसेंबर उजाडेपर्यंत दाखल झालेल्यांचा एकूण आकडा 2700 च्या पुढे गेला. त्यातल्या तीनशेहून अधिक जणांचा श्वास किंवा गिळण्याची शक्ती गेली होती. बहुतेक लहान मुलं होती.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूवर हल्ला करतो. हातपाय लुळे पडतात हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, कारण लंगडत चालणारा कोणीतरी प्रत्येक गावात असायचाच. पण विषाणू आणखी वर चढला तर छातीचे आणि छाती-पोटामधल्या पडद्याचे स्नायू बंद पडतात. त्याहून वर गेला तर गिळता येत नाही आणि स्वतःचीच लाळ श्वासनलिकेत उतरते. मूल शुद्धीवर असतं, सगळं पाहत असतं आणि त्याचा जीव गुदमरत असतो.

यावर त्या काळी एकच इलाज होता. रोग्याला मानेपर्यंत लोखंडी पेटीत ठेवायचं आणि पेटीतल्या हवेचा दाब कमीजास्त करून छाती हलती ठेवायची. ब्लेगडामकडे अशी पेटी एक होती. छातीवर चढवायची कवचासारखी यंत्रं सहा होती. एकूण सात यंत्रं, आणि रोज श्वास अडकलेले अनेक नवे रोगी दारात. ज्यांना यंत्र मिळालं तेही वाचत नव्हते. घशात साचणाऱ्या लाळेवर पेटीकडे काही उपाय नव्हता. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या 31 पैकी 27 जण गेले.

मुख्य वैद्य प्राध्यापक लासेन अनुभवी माणूस होते. त्यांच्या हाताखालच्या मोन्स ब्यर्नेबो यांनी सुचवलं की एका भूलतज्ज्ञाला बोलावून पाहू. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण तेव्हा भूलतज्ज्ञाची जागा शस्त्रक्रियेच्या खोलीत होती. शस्त्रक्रिया संपली की त्याचं काम संपलं. साथीच्या वॉर्डात त्याला काय कळणार, असंच कोणालाही वाटलं असतं, आणि लासेनही सुरुवातीला या सूचनेवर फार खूश नव्हते. तरी 25 ऑगस्टला बैठक झाली आणि ब्यर्न इब्सेन नावाचा 36 वर्षांचा डॉक्टर तिथे आला. तो अमेरिकेत, बॉस्टनला, भूलशास्त्र शिकून आला होता.

इब्सेनने शवविच्छेदनाचे निष्कर्ष पाहिले. मेलेल्या मुलांची फुफ्फुसं इतकी काही बिघडलेली नव्हती, त्यांनी काम करायला हवं होतं. मग त्याने रक्ततपासणीचे आकडे पाहिले. या रोग्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड फार वाढलेला दिसे. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ रक्तातला अल्क वाढला असा लावला होता. इब्सेनला ते पटलं नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोग्याचा श्वास कमी पडला की काय होतं ते त्याने रोज पाहिलेलं होतं. हा वायू बाहेर पडत नाही म्हणून साचला आहे, मुलं श्वासाअभावी मरत आहेत, असं त्याने सांगितलं. निदान बदललं की उपचार बदलतो. छाती बाहेरून ओढत बसण्यापेक्षा फुफ्फुसात आतून हवा भरायची, जशी शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रबरी पिशवी दाबून भरतो तशी.

27 ऑगस्टला एका 12 वर्षांच्या मुलीवर हे करून पाहायचं ठरलं. चारही हातपाय लुळे, अंगात 40 अंश सेल्सिअसच्या वर ताप, कातडी निळसर, घशात लाळेची घरघर. तिच्या गळ्याला छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवली गेली. ती धडपडू लागली, श्वासनळ्या आकसल्या, पिशवी दाबली तरी हवा आत जाईना. आता ही जाणार असं समजून जमलेल्या डॉक्टरांतले काही खोलीबाहेर गेले. इब्सेनने तिला पेंटोथाल हे भुलीचं औषध देऊन शांत केलं. तिची स्वतःची धडपड थांबली, तेव्हा कुठे तो पिशवीने तिच्या छातीत हवा भरू शकला. थोड्या वेळात रंग पालटला. मग मुद्दाम तिला पुन्हा जुन्या पद्धतीच्या यंत्रावर ठेवून पाहिलं. ती पुन्हा बिघडली. पिशवी लावली, ती पुन्हा सुधारली. बघणाऱ्यांची खात्री पटली.

ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात बहुधा इथेच संपवतात. एक हुशार डॉक्टर, एक मुलगी, एक पिशवी. मला मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं ते अधिक मोलाचं वाटतं. पिशवी दाबून मूल जगतं हे कळलं, पण पिशवी दाबणार कोण? भूलतज्ज्ञ सगळ्या शहरात मोजके. परिचारिका आधीच वॉर्डांत अपुऱ्या. आणि पिशवी सोडून कोणी पाच मिनिटंही उठू शकत नाही. मिनिटाला 20 वेळा धरलं तर सहा तासांत 7200 वेळा दाबायची. एका रोग्यामागे सहा तासांच्या चार पाळ्या, म्हणजे दिवसाला चार माणसं. 70 रोगी असतील तर 280 माणसं, तीही आज, उद्या, परवा आणि पुढचे कित्येक महिने. यंत्र विकत आणता येतं. इतकी माणसं कुठून आणायची?

रुग्णालयाने विद्यापीठाकडे पाहिलं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बोलावणं गेलं, पुढे दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. काही आठवड्यांपूर्वी ही मुलंमुली पुस्तकातले स्नायू पाठ करत होती. त्यांना थोडा वेळ शिकवलं जाई, पिशवी कशी धरायची, किती दाबायची, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा डबा कशासाठी, नळी तुंबली हे कसं ओळखायचं, लाळ कशी खेचून काढायची. मग त्यांना खाटेशेजारी बसवलं जाई. वरिष्ठ भूलतज्ज्ञ वॉर्डांतून फिरत देखरेख ठेवत. कोणी अडकला तर हाक मारायची. पाळी सहा ते आठ तासांची. कामाचे पैसे मिळत. हा तपशील लहान वाटेल, पण तो सांगायलाच हवा. त्यागाच्या नावाखाली फुकट राबवून घेतलेली ही माणसं नव्हती. रुग्णालयाने त्यांना कामावर घेतलं होतं.

धोका खरा होता. पोलिओची लस बाजारात यायला अजून तीन वर्षं होती. विद्यार्थी विशी-बाविशीचे, म्हणजे विषाणूच्या टप्प्यातलेच. मुलाच्या घशातली लाळ काढायची, त्याच्या तोंडाशी तासन् तास बसायचं, मग घरी जायचं. तरीही रोज सुमारे दोनशे-अडीचशे जण येत राहिले. सगळं मिळून 1500 च्या आसपास विद्यार्थ्यांनी हे काम केलं आणि त्यांच्या हातून 1,65,000 तासांचा श्वास दिला गेला, असा हिशेब लावला गेला आहे. माणशी सरासरी 110 तास.

त्या वॉर्डातल्या एका पाळीचं चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावं. लांबलचक खोली, खाटांची रांग, प्रत्येक खाटेपाशी ऑक्सिजनच्या नळ्या आणि एक स्टूल. स्टुलावर बसलेल्या मुलाच्या हातात काळी रबरी पिशवी. गळ्यात नळी असल्याने रोग्याला बोलता येत नाही. ओठांच्या आणि डोळ्यांच्या हालचालींवरून ओळखायचं की आणखी हवा हवी की कमी, की नाक खाजतंय. एकाच विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा त्याच मुलापाशी बसायची पाळी आली की दोघांची ओळख होई. कोणी किती दाबाने हवा देतो हे त्या मुलाला कळत असे. हाताचा सराव आणि नजरेचा अंदाज, एवढंच काय ते साधन. धोक्याची घंटा वाजवणारं एकही यंत्र तिथे नव्हतं.

रात्रपाळीची एक आठवण त्या वेळच्या एका विद्यार्थ्याने पुढे लिहून ठेवली आहे. रोग्यांना झोप लागावी म्हणून वॉर्डातले दिवे मंद केलेले असत. त्या उजेडात कातडीचा रंग ओळखू येत नसे. हवा नेहमीसारखी आत जात राही, छाती वर येई, खाली जाई. कधीकधी सकाळी उजेड झाल्यावर विद्यार्थ्याला कळे की आपण ज्याला श्वास देत होतो तो रात्रीच कधीतरी गेला आहे. वीस वर्षांच्या मुलाने हे मनात घेऊन वसतिगृहावर परतायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळीला यायचं.

त्यांच्या मनाचं कोणी काय केलं याची आज जशी चौकशी होते तशी तेव्हा होत नव्हती. समुपदेशन वगैरे शब्द रुग्णालयात शिरले नव्हते. पण कामाची आखणीच अशी होती की माणूस एकटा पडत नव्हता. पाळी ठरलेली, बदली माणूस ठरलेला, वर विचारायला जाणता डॉक्टर, शेजारच्या खाटेपाशी आपल्याच वर्गातला मित्र. थकलेल्या हातांतून पिशवी वेळेवर दुसऱ्या हातांत जात होती. माझ्या मते माणसं टिकली ती या आखणीमुळे. कौतुकाने माणूस दोन दिवस जास्त थांबेल, महिनोन् महिने थांबणार नाही.

रुग्णालयातल्या इतर विभागांनाही कामाची रीत बदलावी लागली. गळ्याला छेद घेणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ, नळी आणि लाळ सांभाळणाऱ्या परिचारिका, भूलतज्ज्ञ, साथरोगाचे वैद्य, प्रयोगशाळेतले पॉल आस्ट्रुप आणि त्यांचे सहकारी, हे सगळे एकाच रोग्याभोवती आले. पिशवी बरोबर दाबली जाते आहे की नाही हे रक्तातल्या आम्लतेवरून लवकर कळावं म्हणून आस्ट्रुप यांनी मोजमापाच्या पद्धती सुधारल्या. धमनीतल्या रक्ताची जी तपासणी आज अतिदक्षता विभागात दिवसातून अनेकदा होते, तिच्या वाढीत या साथीचा मोठा वाटा आहे. विद्यार्थ्याच्या हाताला अंदाज होता, आस्ट्रुप यांच्या आकड्यांनी त्याला खात्री दिली.

आणि फळ आलं. श्वास गेलेल्या शंभरातले ऐंशी-नव्वद दगावत होते, ते प्रमाण महिन्या-दोन महिन्यांत निम्म्याखाली आलं. एका वेळी 40 ते 70 जण पिशवीवर असत. काहींचे स्नायू आठवड्यांनी जागे झाले. आधी काही मिनिटं, मग तासभर, असा त्यांचा श्वास मोकळा होत गेला. काहींना महिनोन् महिने आधार लागला आणि साथ संपल्यावरही ते रुग्णालयातच राहिले. ती बारा वर्षांची मुलगी वाचली. पुढे तिला आयुष्यभर यंत्राची सोबत लागली, पण ती 1971 पर्यंत जगली. साथ ओसरली तरी साथीने मागे ठेवलेलं काम ओसरत नाही, हे ब्लेगडामच्या लोकांना रोज दिसत होतं.

साथीच्या पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये पोलिओ पसरला, तेव्हा तिथे एंगस्ट्रॉम नावाचं श्वासयंत्र तयार होतं. पिशवी दाबायचं काम ते करत होतं. विद्यार्थ्यांचे हात मोकळे झाले. पण इब्सेनने डिसेंबर 1953 मध्ये कोपनहेगनच्या नगरपालिका रुग्णालयात जे केलं ते यंत्रापेक्षा महत्त्वाचं आहे असं मी मानतो. त्याने एक वेगळी खोली मागून घेतली. ज्यांचा जीव टांगणीला आहे असे सगळ्या प्रकारचे रोगी, मग ते पोलिओचे असोत, अपघाताचे असोत की शस्त्रक्रियेनंतरचे, तिथे एकत्र ठेवायचे आणि त्यांच्याजवळ चोवीस तास शिकलेलं माणूस बसवायचं. ती खोली आधी शिकाऊ परिचारिकांच्या वर्गाची होती. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून तिचं नाव घेतलं जातं. साथीत निकडीपोटी जमवलेली माणसांची व्यवस्था तिथे कायमची झाली.

डेन्मार्कने विद्यार्थ्यांचा धडाही सोडला नाही. व्हेंटिलेटरवरच्या रोग्याजवळ बसण्याचं प्रशिक्षण घेतलेले वैद्यकाचे विद्यार्थी तिथे पुढेही पगारी पाळ्या करत राहिले. 2020 मध्ये कोविड आला तेव्हा हीच वाट तयार होती. विद्यार्थ्यांना झटपट प्रशिक्षण देऊन व्हेंटिलेटर सांभाळणारे मदतनीस, परिचारिकांचे मदतनीस आणि तात्पुरते डॉक्टर म्हणून कामावर घेतलं गेलं.

त्या रबरी पिशवीचा वंश आपल्या ओळखीचा आहे. 1956 मध्ये डेन्मार्कच्याच हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी आपोआप फुगणारी पिशवी बनवली. ऑक्सिजनचा पुरवठा नसला तरी ती चालते. तिचं नाव अंबू बॅग. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णवाहिकेत, ग्रामीण रुग्णालयात, प्रसूतिगृहात ती असते. कोपनहेगनमध्ये पिशवी दाबायला शिकवलेले आणि पगार दिलेले विद्यार्थी होते. 2022 मध्ये विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळाला नाही म्हणून 17 वर्षांच्या मुलीसाठी तिच्या आईवडिलांनी अंबू बॅग तासन् तास दाबली. मुलगी वाचली नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या कोपनहेगनलाही जे पटलं नसतं ते आपण चालवून घेतलं, हे मला लिहिताना फार जड जातं.

कोविडमध्ये आपल्यालाही माणसं कमी पडली. मे 2020 मध्ये महाराष्ट्राने केरळकडे 50 डॉक्टर आणि 100 परिचारिका मागितल्या. जंबो केंद्रं उभी राहिली, खाटा आल्या, व्हेंटिलेटर आले आणि ते चालवणाऱ्यांसाठी थेट मुलाखतींच्या जाहिराती निघाल्या. दुसऱ्या लाटेत, 3 मे 2021 रोजी, केंद्राने एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी आणि सौम्य रोग्यांवर देखरेखीसाठी घ्यायचं ठरवलं. परिचर्येची पदवी किंवा पदविका झालेल्यांना पूर्णवेळ ड्युटी द्यायची होती, आणि कोविडमध्ये 100 दिवस काम केलेल्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळायचं होतं. विचार योग्य होता. पण कंत्राटावर घेतलेल्यांतल्या अनेकांची सेवा लाट ओसरताच संपवली गेली. ज्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावश्यांसाठी लोकांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्यातल्या कित्येकांना पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नव्हती. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतांतून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या.

संपामुळे रोग्यांचे हाल होतात हे खरं आहे आणि ते कोणालाच नको असतात. तरीही त्या परिचारिकांची मागणी मला रास्त वाटते. साथीत शिकून तयार झालेला हात सोडून द्यायचा आणि पुढच्या साथीत नवख्या हातापासून पुन्हा सुरुवात करायची, यात पैशाचीही बचत नाही. कोपनहेगनला विद्यार्थ्यांवर वेळ आली कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. वर्ष-दीड वर्षातच त्यांनी पर्याय उभा केला. आपल्याकडे अनुभवी परिचारिका आहेत, दरवर्षी नव्या शिकून बाहेर पडतात आणि मंजूर जागा रिकाम्या राहतात.

आपल्या जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती आणि अतिदक्षता विभागात रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कोणालाही विचारता येतात. वाचकांनी ते विचारावेत, उत्तर आपल्या नगरसेवकापुढे, आमदारापुढे ठेवावं, आणि हे साथ नसताना करावं.